मूर्तिजापूरपर्यंतचा गारवा

गाडी मी साळ्याकडून घेतली आणि भाव केला नाही. माझ्या ओळखीतला कोणीही माणूस यातल्या पहिल्या अर्ध्यावर विश्वास ठेवेल, दुसऱ्यावर नाही. मी डोक्यावर टोपली घेऊन फुलं विकायला लागलो आणि आज राजापेठेत माझं दुकान आहे, ते शेवंतीच्या प्रत्येक पोत्यामागे भांडून. दाढ काढताना डॉक्टरशी मी घासाघीस केली आहे, तीही तोंड उघडं असताना. पण अकोल्याला सासरच्या बैठकीत साळ्याने आकडा सांगितला, मी "यात थोडं..." एवढंच म्हणालो, आणि बायकोने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"घरच्या माणसाशी भाव नाई करत," ती म्हणाली.

मी पाणी प्यालो आणि गाडी घेऊन अमरावतीला आलो. ते पाणी अजून खाली उतरलं नव्हतं.

"गाडी जुनी हाय, पण एसी कडक हाय, भाऊजी," असं साळा म्हणाला होता. मला एसी माणसांसाठी नकोच होता. माणसं घाम पुसतात. मोगरा पुसत नाही. उन्हाळ्यात अकोल्याच्या लग्नांचे हार अमरावतीहून न्यायचे तर वाटेत कळ्यांची चहापत्ती होते. एसी होता म्हणूनच मी ते पाणी प्यालो होतो.

आणि एसी चालायचाही. बडनेरा सोडेपर्यंत मला अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायचं. मग मूर्तिजापूरच्या अलीकडे हवा बारीक होत जायची. पंख्याचा आवाज तोच, पण जाळीसमोर हात धरला तर काही नाही. अकोल्याला हार उतरवायचे, शिव्या खायच्या, जेवायचं आणि निघायचं. परतीच्या वाटेवर, गाडी रिकामी असताना, एसी घरापर्यंत चालायचा.

राजापेठेतला मेकॅनिक माझ्यापेक्षा वयाने थोडा लहान आणि आवाजाने माझ्याएवढाच. पहिल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा त्याने आधी काच बघितली. ती मी बोटभर खाली ठेवायचो. कुलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

"हा कुलर नाई, भाऊ. काच बंद करा."

काच बंद केली. मूर्तिजापूर आलं, हवा गेली. त्याने गॅस मोजला, बरोबर निघाला. बॉनेटपुढची जाळी पाण्याने धुतली. पट्टा बदलला. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये गाडी चालू करून त्याने मला आत बसवलं आणि प्रत्येक वेळी मी गारठलो.

"गाडी थंडी हाय," तो शेवटी म्हणाला, "तुमीच गरम होऊन राहिले."

मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. आम्ही पावसाळाभर बोललो नाही.

माझ्या डोक्यात मात्र हिशेब स्पष्ट होता. साळ्याला हे माहीत होतं. त्याने बिघडलेली गाडी घरच्या माणसाच्या गळ्यात मारली, आणि भाव होऊ नये म्हणून बहिणीला मधे पडू दिलं ते याच कारणाने.

मग साळ्याच्या मुलीचं लग्न ठरलं. फुलांचं कोणी मला विचारलं नाही. ती मीच आणणार हे गृहीत होतं. सासरी मला आजही फुलवाले जवाई म्हणतात, आणि त्यात कौतुक किती आणि बाकीचं किती हे मला कळतं. सगळा गोतावळा मांडवात बसलेला, नवरा-नवरीच्या गळ्यात माझे हार, आणि ते सुकलेले. मग मला जन्मभर काय म्हणतील तेही मला कळत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी साळा लेकीचे दागिने न्यायला अमरावतीला आला. मी त्याला बसने जाऊ दिलं नाही. पुढे तो बसला, मागे बायको हारांच्या खोक्यांजवळ. हार केळीच्या पानांत गुंडाळलेले, खोकी बंद, आणि वर, खाली, बाजूला पाण्यात बुडवून काढलेली गोणपाटं. फुलवाला असंच नेतो. शिवाय दर थोड्या वेळाने बायको वरून पाण्याचा हबका मारते. अकोल्याला एकदा हे हार कार्यालयाच्या थंड खोलीत ठेवले की दुसऱ्या दिवसाची काळजी नव्हती. फक्त तिथवर जिवंत पोचायचं होतं.

मला खरं तर दोन गोष्टी हव्या होत्या. हार ताजे राहावेत, आणि साळ्यासमोर एसी बंद पडावा. दोन्ही एकत्र होणार नाहीत हे मला बडनेऱ्यानंतर सुचलं.

"कशी थंडी मारून राहिली पहा!" साळा म्हणाला.

"थांबा जरा," मी म्हणालो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे हवा बारीक झाली. मी त्याचा हात धरून जाळीसमोर नेला.

"घ्या. कडक एसी."

"बापा! माह्याकडे असं कधीच नाई झालं."

"तुमच्याकडे कायले होईन? तुमी इकून मोकळे झाले."

"अहो, भांडण मंग करा," मागून बायको म्हणाली, "कळ्या उमलून राहिल्या."

मी चहाच्या टपरीच्या सावलीत गाडी लावली आणि बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, आत जाणाऱ्या जाड नळीवर पांढरी साय होती. हात लावला तर बर्फ. गाडीखाली पाण्याची धार लागलेली. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, आणि माझ्या गाडीत बर्फ. आमच्या दुकानातल्या जुन्या फ्रिजमध्ये ओले गजरे तसेच ठेवले की आतली पेटी अशीच गोठायची आणि मग कशालाच थंडावा मिळायचा नाही. मी गोणपाटांकडे पाहिलं. बायको त्यांच्यावर हबका मारत होती.

"थांबव ते," मी म्हणालो.

एवढी ओल बंद गाडीत घेऊन मी दर खेपेला निघत होतो. ती सगळी आतल्या थंड नळ्यांवर जमायची, गोठायची, आणि हवेची वाट बुजायची. अकोल्यात गाडी उभी राहिली की बर्फ वितळायचा. गॅरेजमध्ये गाडी रिकामी आणि कोरडी. साळ्याने तर तिच्यात कधी ओला रुमालही ठेवला नसेल.

हे मी साळ्याला सांगितलं, कारण गोणपाटं पिळून डिकीत टाकायला दुसरा माणूस लागत होता. एसी बंद करून नुसता पंखा जोरात ठेवला, दारं उघडली, खोकी सावलीत काढली. आता बर्फ वितळेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

साळ्याने चहा मागवला. "म्हणजे गाडी चांगली होती न?"

"गाडीचं नाई बोलत मी. भाव नाई करू देला."

"हां." त्याने घोट घेतला. "मंग आता करा. किती म्हनत होते तवा?"

मी सांगितलं. तो हसला. मी टायर दाखवले. त्याने इंजिन दाखवलं. मी निघून जाण्यासाठी चार पावलं टाकली, गाडी माझीच होती म्हणून परत आलो. तो थोडा खाली आला, मी थोडा वर गेलो. टपरीवाल्याने त्याची बाजू घेतली, मी टपरीवाल्यावर ओरडलो. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली नाही.

आता दोघांच्या आकड्यांत थोडंच अंतर राहिलं होतं, तेवढ्यात आतून काहीतरी धप्‌कन पडलं आणि जाळीतून हवेचा झोत आला.

"चला," बायको म्हणाली आणि खोकी उचलू लागली. सौदा तिथेच राहिला.

अकोल्यापर्यंत कोणी पाणी शिंपडलं नाही. कार्यालयात मी स्वतः खोकी उघडली. वरच्या थराच्या काही कळ्या उमलल्या होत्या, त्या मी काढून टाकल्या. बाकी मोगरा मिटलेला होता.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं संपली आणि थंड खोलीतून आणलेला हार नवऱ्याने पोरीच्या गळ्यात घातला. तिने खांदे वर केले.

"अगं बाई, थंडं हाय!" ती म्हणाली, आणि पहिल्या दोन रांगा हसल्या.

साळा अंतरपाट हातात घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं, म्हणजे अजून एक हजार कमी करतो. मी मान हलवली. नाही.