रेडिओवरची कोरी जागा

आणीबाणीत रेडिओचा एक निर्माता आमच्या पोशीरला शेतकऱ्यांचं बोलणं टिपायला आला. त्याचं टेपचं यंत्र एवढं जड, की ते उतरवल्यावर एसटी हातभर वर उठली. मी डोळ्यांनी पाहिलंय. माणूस मात्र काडीसारखा. खिशात कागदात गुंडाळलेलं दाढीचं ब्लेड, आणि दर दोन मिनिटांनी ते चाचपायची खोड.

सगळ्यांनी त्याला भात झकास, कारभार झकास असंच सांगितलं. माझी चुलत आजी मात्र "भात बरा हाय" एवढं म्हणून यंत्रावर खेकसली, "पाटाला पानी नाय, आन नाय म्हनायची पन चोरी! आयकव रं समद्यांना!"

मी हळूच विचारलं, "साहेब, हे लागेल?"

"नाही. वर तपासतात. मलाच कापावं लागेल." ब्लेड चाचपत तो म्हणाला, "पण जेवढं कापतो, तेवढीच कोरी टेप जोडतो मी."

"नोकरी जाईल की!"

"जाईल," तो म्हणाला आणि यंत्र आवरू लागला.

कार्यक्रम ऐकायला सारा गाव चावडीवर जमला. रेडिओत आजी म्हणाली, "भात बरा हाय," आणि एकदम सामसूम. पोशीरची कुत्रीसुद्धा गप्प. तेवढ्यात मागून खरी आजी कडाडली, "पाटाला पानी नाय, आन नाय म्हनायची पन चोरी! आयकव रं समद्यांना!" तिचं वाक्य संपायला आणि रेडिओतून तिचाच "रामराम" यायला एकच गाठ पडली.

पुढच्या खेपेला ते यंत्र घेऊन दुसराच माणूस आला. त्याच्या कार्यक्रमात कोरी जागा कुठेच नव्हती. तिथे बासरी वाजायची.