सतरा नंबरच्या दारावरची फुली

आधीच सांगते. कमेंटमध्ये लिंबू, उतारा, अमावास्या असलं काहीही लिहायचं नाही. माझा या प्रकारांवर काडीचाही विश्वास नाही. 'नव्हता' नाही... आजही नाही! माझं कामच मुळात याच्या उलट आहे. सिल्वासाच्या आसपास कामगारांच्या ज्या वस्त्या आहेत, तिथे मी मलेरिया-डेंग्यूचा प्रचार करत फिरते. एका भगताच्या ओट्यावर उभी राहून, तो समोर बसलेला असताना, "ताप आला की धागा नाही, आधी रक्त तपासा!" असं ओरडलेली मुलगी आहे मी. त्याने मला चहा पाजला आणि माझं पत्रक चुलीत घातलं. असो.

तरीही हे लिहितेय, कारण मला उत्तर सापडत नाहीये आणि त्याचा भयंकर राग येतोय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. खडोलीत एका धागा कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून एक बैठी चाळ आहे. समोरासमोर दोन ओळी, मध्ये गटार, टोकाला नळ. बावीस खोल्या, आणि सगळी दारं एकाच हिरव्या रंगाची. राहणारे बहुतेक आपल्याकडचेच, धुळे-नंदुरबारचे. माझे वडीलही असेच साक्रीहून इथे आले, म्हणून मला ही माणसं परकी नाहीत.

काम दोघींचं. मी आणि मंजुळाबेन. मंजुळाबेन इथल्याच, पन्नाशीच्या, या कामात माझ्या जन्माच्या आधीपासून. पद्धत अशी की मी दार वाजवायचं, विचारायचं — घरात ताप आहे का, पाणी कशात साठवलंय, कूलरचं पाणी कधी ओतलं. मग दारावर खडूने बरोबरची खूण करायची आणि मोठ्याने पुकारायचं, "सतरा, झालं!" मंजुळाबेन फॉर्ममध्ये लिहितात. दाराचा फोटो ॲपवर टाकायचा. कुलूप असेल तर फुली. फुली म्हणजे परत यायचं.

आता खरं बोलायचं तर पुढचंही लिहायलाच हवं. दुसऱ्या फेरीतही कुलूप निघालं, तर आम्ही बरोबर करून टाकायचो. सगळेच करतात! ॲपमध्ये घर लाल दिसत राहतं, ग्रुपवर "पेंडिंग का?" म्हणून विचारणा होते, रविवारची सुटी जाते. रिकाम्या खोलीला काय पत्रक वाचून दाखवायचं?

सतरा नंबरला पहिल्या दिवशी कुलूप. फुली. दोन दिवसांनी पुन्हा सकाळी अकराला गेलो... पुन्हा कुलूप. मी जुनी फुली ओढणीने पुसली, बरोबर केलं, फोटो काढला आणि पुकारलं, "सतरा, झालं!" मंजुळाबेनने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

बावीस संपवून परत नळाकडे येत होतो. सतराच्या दारावर फुली.

मी म्हटलं, "कुणी मस्ती केली?" ओळीत चिटपाखरू नव्हतं. पोरं शाळेत, माणसं पाळीवर. मी चिडले, फुली पुसली, पुन्हा बरोबर केलं. पुन्हा पुकारलं, "सतरा, झालं!" आणि हात धुवायला नळावर गेले. नळ तिथून दहा पावलांवर. मंजुळाबेन नळाच्या कट्ट्यावर, तोंड ओळीकडे करून बसलेल्या.

वळून पाहिलं... फुली!

"बेन, कोण आलं होतं?"

"कोय नाय आलं. मी इथेच तर बसलीये."

"मग ही फुली?"

"तूच मारली असशील. तुझीच तर हाय. बघ, लंगडी."

आणि खरंच! दहावीत माझं मनगट मोडलं होतं, तेव्हापासून माझ्या फुलीची दुसरी रेघ आखूड येते, खाली जाऊन किंचित वळते. ऑफिसात सगळे त्यावरून चिडवतात. दारावरची फुली अगदी तशीच. बरं, मी जिथे जिथे ओढणीने पुसलं होतं तिथे हिरव्या रंगावर पांढुरकं पसरलं होतं. पण मघाची बरोबरची खूण कुणी पुसल्याचा डागच नव्हता! ती जणू केलीच नव्हती.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आता बघतेच. दाराला नाक लावून उभी राहिले, फुली पुसली, बरोबर केलं. "सतरा, झालं!" पर्समध्ये खडू टाकायला मान खाली घातली. किती वेळ लागतो त्याला? पर्सची चेन लावून वर पाहिलं.

फुली.

भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. अंगात वीज खेळल्यासारखं झालं, ओरडावंसं वाटलं. ओरडलेच! "बेन, इकडे या! माझ्या डोळ्यांदेखत!"

मंजुळाबेन आल्या. दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आपला नियम काय हाय पोरी? फुली म्हणजे काय?"

"परत यायचं."

"मंग? आपण परत आलो काय? की नुसती खूण करायला आलो?"

मला झोंबलं. तिरमिरीत मी दारावर थाप मारली, कडी खडखडवली. काही नाही. मग कान लावला... आणि आतून आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र. पंखा! बाहेरून कुलूप आणि आत पंखा चालू?

समोरच्या खोलीतून एक बाई डोकावली. आशाबाई, दोंडाईचाच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पंखा चालूच राही ना ताई. रवींदर मझार झोपेल शे. रातपाळी शे त्यानी."

मझार म्हणजे आत!

मला कळेचना. "आत माणूस आहे आणि बाहेर कुलूप?"

"मंग! गुलाब दिवसपाळीले जास, तो लावस कुलूप. कोनी दार वाजाडाले नको, झोप मोडाले नको. आठे सगळा असंच करतस."

दोन मित्र, एक खोली, एक दिवसपाळी, एक रातपाळी. सकाळी सातला निघणारा बाहेरून कुलूप लावतो, म्हणजे झोपलेल्याला कुणी उठवत नाही. आणि आम्ही पत्रकवाले? आम्ही नेहमी सकाळी अकराला! कुलूप पाहिलं की खोली रिकामी. अशा किती खोल्यांना मी 'झालं' म्हटलं असेल, मला आजही मोजायचं धाडस होत नाही.

"पण एवढ्या खडखडाटाने मेलेला माणूसही उठेल," मी म्हटलं.

आशाबाई हळूच म्हणाल्या, "कालदिन त्याले थंडी वाजत व्हती..."

गुलाबला फोन केला तर बंद. कंपनीत मोबाइल गेटवर जमा करून घेतात. मी आशाबाईंचा वरवंटा उचलला. तेवढ्यात चाळीचा देखरेखवाला धावत आला. "कोने पूछीने ताळुं तोडो छो? कुणाला विचारून?"

"आत माणूस मरतोय! तू बाजूला होतोस की तुझ्या डोक्यात घालू हा?"

मंजुळाबेनने त्याला गुजरातीत काय सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही. तो बाजूला झाला. चौथ्या घावाला कुलूप तुटलं.

रवींद्र चटईवर पडला होता. अंग तव्यासारखं. डोळे अर्धे उघडे, पण नजर कुठेच नाही. ओठ फाटलेले. उशाशी पाण्याची बाटली होती, तिच्यापर्यंत हात पोचला नव्हता. मंजुळाबेन ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत राहिल्या, मी रिक्षा आणली, दवाखाना गाठला. मलेरिया, डोक्यापर्यंत चढलेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "संध्याकाळी आणला असता तर मी काही करू शकलो नसतो."

गुलाबची पाळी दुपारी सुटली. खोलीवर तुटलेलं कुलूप पाहून तो तसाच दवाखान्यात धावत आला आणि जिन्यातच बसून रडला. "ताई, त्याची झोप मोडू नये म्हणून लावत होतो हो..." मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडाने ओरडणार होते?

चौथ्या दिवशी रवींद्र बोलायला लागला. मी त्याला फुलीबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. मंजुळाबेनने तर नाहीच, त्या असल्या गोष्टी दुसऱ्यांदा उच्चारत नाहीत. त्याने मला आवाजावरून ओळखलं.

"त्या दिशी तुम्हीच व्हत्या ना ताई? बाहेर म्हणत व्हत्या, 'सतरा, झालं'?"

"हो."

"मला ऐकू येत व्हतं. तोंड उघडत नव्हतं, हात उचलत नव्हता. मी आपला मनात म्हणत व्हतो... नही व्हयनं ताई, नही व्हयनं. तीनदा म्हटलं."

नाही झालं. तीनदा.

माझ्या हातातला मोसंबीच्या रसाचा ग्लास मी नीट टेबलावर ठेवला, एवढं आठवतं.

फोटो आहेत माझ्याकडे. पहिला बरोबरच्या खुणेचा, ॲपवर टाकलेला. दुसरा कुलूप तोडायच्या आधी काढलेला, फुलीचा. मध्ये जेमतेम वीस मिनिटं. मी सगळं तपासलंय. दाराचा रंग तपासला, त्याच खडूने दुसऱ्या दारावर पन्नास खुणा करून पाहिल्या, मीच झोपेत चालल्यासारखं काही केलं का हेही मंजुळाबेनला विचारलं. त्या म्हणाल्या, "तू बरोबरच करत होतीस. तीनही वेळा." कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर सांगा, पण पुराव्यासकट.

आता आम्ही चाळीत दुपारी चारला जातो, रातपाळीवाले उठतात तेव्हा. ग्रुपवर लाल घरांवरून बोलणी बसतात, बसू देत.

ही गोष्ट ऐकली की सगळे एकच विचारतात, खूण कुणी बदलली? मला माहीत नाही. कुलूप असलेल्या दाराला 'झालं' असं मी का म्हटलं, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. त्याचं उत्तर मला माहीत आहे.