दामिनीच्या मनगटावरच्या चार ओळी

त्या दिवशी दामिनीला सगळं ऐकू येत होतं. बोलता मात्र येत नव्हतं.

दामिनी उईके आर्वी आगारात कंडक्टर. सकाळची आर्वी-पुलगाव गाडी तिच्याकडे होती. पहाटेपासून पोट बिघडलेलं, दोनदा उलटी झालेली. नेहमीची गोळी घेतली, तीही उलटीत पडली. सुटी घ्यायला हवी होती, पण ती निघाली. अर्ध्या वाटेत तिकीट फाडता फाडता डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि ती दोन सीटांच्या मधे बसली ती उठलीच नाही.

"ऊन लागलं बाईले."

"उपास असन."

"कांदा द्या नाकाशी."

ड्रायव्हर तानबाने गाडी तशीच वाटेवरच्या एका गावातल्या दवाखान्यापुढे उभी केली. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, सलाईन लावलं, म्हणाले, अशक्तपणा आहे, पडून राहू द्या. दामिनीला ओरडून सांगायचं होतं की अशक्तपणा नाही, माझ्या पिशवीत कागद आहे, मला सुई पाहिजे, एकच सुई. जीभ टाळूला चिकटली होती. कोणीतरी तिच्या पायाचे तळवे घासत होतं. तानबा बाहेर तिच्या नवऱ्याला, हेमराजला, फोन लावत होता. हेमराज पुलगावच्या दारूगोळा डेपोत कामाला. तिथे फोन फाटकावरच जमा करावा लागतो. दामिनीला हे माहीत होतं, तानबाला नव्हतं. "लागून नाई राह्यला, लागून नाई राह्यला," एवढंच तिच्या कानावर येत राहिलं, आणि आपण आता इथेच, या रेक्झिनच्या पलंगावर, माणसांनी भरलेल्या खोलीत मरणार असं तिला वाटलं.

नाडी सुधारेना तेव्हा डॉक्टरांनी अँब्युलन्स बोलावली. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर आधार कार्ड शोधताना नर्सच्या हाती तिच्या उपचारांचा कागद लागला. इंजेक्शन दिलं. तासाभरात तिने पाणी मागितलं.

चार वर्षांपूर्वी दामिनीला टीबी झाला होता. तो बरा झाला, पण जाताना मूत्रपिंडाच्या वरच्या दोन छोट्या ग्रंथी निकामी करून गेला. आजारपणात, ताणात शरीर ज्या रसावर तगून राहतं तो रस तिच्या शरीरात तयारच होत नाही. म्हणून दिवसातून तीनदा गोळी. ताप आला की दुप्पट. आणि उलट्यांनी गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, लगेच.

"पुढच्या वेळी कागद सापडेलच असं नाही," सावंगीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हातात पट्टी घाला. त्यावर लिहून ठेवा. बेशुद्ध माणसाचं मनगट सगळेच बघतात."

'पुढच्या वेळी' हे शब्द दामिनीच्या छातीत रुतून बसले. घरी आल्यावर ती न्हाणीची कडी लावेना. चुलीजवळ एकटी बसेना. हेमराज सकाळी निघाला की दारात उभी राहून विचारायची, "संध्याकाळी येता न?" दुसरीकडे कुठे जाणार होता तो? पण ती रोज विचारायची.

डॉक्टरीणबाईंनी यादी लिहून दिली होती: नाव, आजार, औषध, मात्रा, रक्तगट, पत्ता, दवाखान्याचा नोंदणी क्रमांक, फोन. आर्वीच्या बाजारात अण्णाजी लग्नाच्या भांड्यांवर मशीनने नावं कोरतात. स्टीलची पट्टी पाहून ते म्हणाले, "चार ओळी बसतीन बाई. पाचवी टाकली का मुंग्यावानी दिसते सगळं."

तेव्हापासून घरात एकच विषय सुरू झाला. कोणत्या चार?

"नाव, गाव, जात-पात लिहाची नाई, पण गाव लिहाचं," सासू भागीरथा म्हणाली. "अन् टीबीचं काई टाकजो नको. तिकीट देतेवेळी हातच समोर असते तुया. लोक सीट सोडून उभे राहातीन."

दामिनीला तीच भीती होती. तिकिटासाठी दिवसातून तीनशे वेळा तिचा हात कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांपुढे जायचा. तिने फोनवर घाबरत घाबरत विचारलं.

"टीबी कशाला लिहायचा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो बरा झाला. आता तो कोणाच्याच कामाचा नाही."

एवढं सोपं होतं ते. दामिनी फोन ठेवून थोडा वेळ रडली.

रक्तगट गेला, कारण दवाखाने तो तपासूनच घेतात. पत्ता गेला, नोंदणी क्रमांकही गेला. "मराठीत लिहू का इंग्रजीत?" हेमराजने विचारलं. दामिनीने बसमधले ते आवाज आठवले. उचलणारा माणूस मराठी वाचेल आणि सुई देणारा इंग्रजी, म्हणून एक ओळ मराठी ठरली: बेशुद्ध असल्यास लगेच दवाखान्यात न्या. दुसरीत आजाराचं इंग्रजी नाव, तिसरीत इंजेक्शन आणि मात्रा. राहिली एक ओळ, आणि नाव व फोन दोन्ही उरले.

"नाव टाक," हेमराज म्हणाला. "बिना नावाची बेवारस पडशीन का?"

दामिनीने यादीतल्या नावावर काट मारली. "नावानं मी नाई वाचत जी," ती म्हणाली. "फोननं वाचीन. पण कोणाचा? तुमचा तर फाटकावर पडून राह्यते."

तानबा गाडी चालवत असणार. भाऊ नागपूरला, कामावर. तेव्हा भागीरथा भाजी निवडता निवडता म्हणाली, "माया टाक."

भागीरथाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचा फोन बहुतेक वेळ तांदळाच्या डब्यावर पडलेला असायचा.

"तुम्ही का सांगसान आई त्याहिले?"

"तू शिकव. मी सांगतो."

त्या दिवसापासून भागीरथा ते नाव घोकू लागली. हायड्रो, कार्टी, सोन. "मधात हे कार्टी कुठून आली?" म्हणायची आणि पुन्हा सुरू करायची. फोन कमरेच्या पिशवीत आला. शेजारच्या मोहिनीला ती मुद्दाम फोन करायला लावायची, उचलायची आणि एका दमात म्हणायची, "हायड्रोकार्टीसोन शंभर, पहिले सुई, मंग बाकी." आणि धापा टाकायची. तीही घाबरलेली आहे हे दामिनीला तेव्हा कळलं.

अण्णाजींनी पट्टी कोरली. "नाव?"

"नाव नाई टाकाचं."

"बिना नावाचं पहिल्यांदाच करून राह्यलो बाई."

दामिनीने गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्यावरचं एकेक इंग्रजी अक्षर पट्टीशी ताडून पाहिलं. तिसऱ्या ओळीत एक अक्षर सुटलं होतं. तिने तिथेच बोट ठेवलं.

"एका अक्षरानं का होते?" अण्णाजी म्हणाले. "भांड्यावर चुकलं तरी लोक घेऊन जातेत."

"अण्णाजी, हे वाचून मले सुई देतीन," दामिनी म्हणाली. "चुकीची दिली तर?"

अण्णाजींनी चष्मा पुसला, नवी पट्टी घेतली आणि या वेळी दर अक्षराला तिच्याकडे पाहून विचारलं, "बरोबर?"

सप्टेंबरात सावंगीला तपासणीला जाताना वर्ध्याच्या बसस्थानकावर दामिनीला थंडी वाजून ताप भरला. बाकावर बसेपर्यंत उलटी झाली. या वेळी तिने काही बोलायचा प्रयत्नच केला नाही. होती नव्हती तेवढी शक्ती लावून डावा हात बाकावर उताणा ठेवला आणि डोळे मिटले. आता कोणी वाचेल की नाही, याची वाट पाहण्याचा तो वेळ तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब.

शेजारी बसलेल्या बाईने वाचलं. रिक्षातूनच नंबर लावला. पलीकडून भागीरथा एवढ्या जोरात ओरडली की रिक्षावाल्यालाही ऐकू गेलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने पट्टी दोनदा वाचली आणि धावत इंजेक्शन आणलं. नंतर तो दामिनीला म्हणाला, हा आजार त्याने फक्त पुस्तकात पाहिला होता.

बारा दिवसांनी दामिनी पुन्हा गाडीवर गेली. भीती गेली नव्हती. सकाळी उठल्या उठल्या ती पोट चाचपून पाहायची, मळमळतंय का. वाटेतल्या रोहणा गावाजवळ एका म्हाताऱ्या बाईने तिकीट घेताना तिचा हात धरला.

"हे का घातलं वो हातात?"

दामिनीला बाही ओढून घ्यावी असं वाटलं. पण तिने सांगितलं. आजार सांगितला, चक्कर सांगितली, सुई सांगितली. मागच्या दोन सीटांवरचे लोकही ऐकत होते.

म्हातारीने पट्टीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. मांडीवरचं गाठोडं उचलून पायाशी ठेवलं आणि खिडकीकडे सरकली.

"मंग उभी काऊन हायेस? बस न थोडी."

गाडीत अजून सहा तिकिटं फाडायची होती. दामिनी पुढच्या थांब्यापर्यंत तिच्याजवळ बसली.