पंधरा आकडे आणि हुकांचं खोकं

मागच्या हिवाळ्यात, एका सोमवारी दुपारी, शिरूर कासारच्या आठवडी बाजारात माझ्या थोरल्या बहिणीचा मोबाइल चोरीला गेला. ती मेथी निवडत होती. फोन पिशवीत वरच ठेवलेला होता. मेथी घरी आली, फोन आला नाही.

बहीण ब्लाऊज शिवते. गल्लीतल्या बहुतेक घरांची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि चैत्राच्या आसपास परततात. परतल्यावर लग्नं असतात. त्यामुळे बायका जाण्याआधीच बहिणीकडे कापड देऊन ठेवतात. शिंप्याकडे कापडासोबत मापाचं ब्लाऊज ठेवायची पद्धत सगळीकडे आहे, पण ऊसतोडीला निघालेल्या बाईला ते मागे ठेवता येत नाही. अंगाला नीट बसणारं ते एकच असतं आणि तेच घालून जायचं असतं. बहिणीने यावर उपाय काढला होता. मापाचं ब्लाऊज चटईवर पसरायचं, त्यावर टेप लावायची, शेजारी नवं कापड ठेवायचं आणि फोटो काढून ब्लाऊज परत द्यायचं. कागदावर काहीच लिहायचं नाही.

फोन गेला तेव्हा कपाटात बावीस कापडं होती. कोणतं कुणाचं, हे फक्त त्या फोनला माहीत होतं. फोटोंची नक्कल इंटरनेटवर ठेवायची सोय तिने बंद करून ठेवली होती. त्यात डेटा फार जातो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

मी बीडला वर्तमानपत्रात काम करतो. दुसऱ्या दिवशी शिरूरला गेलो. प्रत्येक हँडसेटला पंधरा आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो. सिमकार्ड बदललं तरी तो बदलत नाही. पोलिसांत तक्रार दिल्यावर सरकारी पोर्टलवर तो टाकला की तो फोन सगळ्या नेटवर्कवर बंद होतो आणि कुणी त्यात सिम घातलं की पोलिसांना कळतं. हे मी तिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, "नंबर कुठं असतोय?"

"खोक्यावर."

तिने कपाट उघडलं. आत मोबाइलची सात रिकामी खोकी होती. टोळी निघाली की ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी मावणंच मुश्कील, म्हणून असल्या वस्तू मागे राहणाऱ्याच्या घरी ठेवतात. बहिणीने प्रत्येक खोक्याचा उपयोग करून घेतला होता. एकात बटणं, एकात बॉबिन, एकात लटकनं.

"हुकाचं माझं," ती म्हणाली आणि हुक ताटलीत ओतून खोकं माझ्या हातात दिलं.

तिने आणि तिच्या धाकट्या जावेने दिवाळीआधी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारखे फोन घेतले होते. बिल एकच होतं आणि त्यावर दोन्ही फोनचे नंबर होते. खोक्यावरचा नंबर बिलाशी जुळला. आम्ही ठाण्यात तक्रार दिली आणि मी पोर्टलवर अर्ज भरला. नवं सिम तिने जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं.

शुक्रवारी सकाळी ठाण्यातून हवालदारांचा फोन आला.

"ताई, फोन चालू झालाय. सांगलीकडं हाय."

"सापडला?"

"थांबा. सिम ज्या बाईच्या नावावर हाय, तिचा पत्ता तुमच्याच गल्लीतला हाय." त्यांनी नाव वाचलं.

बहीण म्हणाली, "ती माझी जाऊ हाय."

"मंग तिनं कावून नेला?"

"तिनं न्हाई नेला. ती दिवाळीपासून उसात हाय."

"ताई, जावाजावांचं काही असंल तर आधी घरात बोलायचं. पोर्टलवर न्हाई टाकायचं."

संध्याकाळी जावेचा फोन आला, मुकादमाच्या मोबाइलवरून.

"आक्का, माझा फोन मेलाय बघ. कालपासून रेंज न्हाई. बाकीच्यांच्याला हाय."

"मेला न्हाई. मीच मारला."

बहिणीने मला फोन लावला. मी सांगितलं ते तिने जावेला सांगितलं: स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. नेटवर्क बंद केलेल्या फोनवरही नंबर दिसतो. जावेने आकडे वाचले, बहिणीने हुकाच्या खोक्यावर बोट ठेवून ऐकले. पंधराही जुळले.

"म्हंजी माझ्या खोक्यात तू हुक ठेवलेस?" जाऊ म्हणाली.

"तुझ्या खोक्याचं झाकण घट्ट हाय."

"आन तुझं कुठं हाय?"

"त्यात बटणं हायेत."

बातमी छापण्याआधी दोन ठिकाणी विचारायची सवय मला आहे. इथे मी खोकं आणि बिल पाहिलं, तो नंबर दोघींपैकी कुणाच्या फोनचा, हे जावेला विचारलं नाही. शनिवारी जावेचा नंबर खुला करायचा अर्ज केला. कारण म्हणून 'फोन सापडला' असं दिलं. ते खोटं नव्हतं. मग बटणांच्या खोक्यावरचा नंबर टाकला. रविवारी जावेचा व्हिडिओ कॉल आला. तिचं पहिलं वाक्य होतं: "चोर बोलतोय."

पुढचे अठरा दिवस काही झालं नाही. बहिणीने एकदा सगळी कापडं चटईवर मांडून आठवून पाहिलं. सहा ओळखली. हिरवी चार होती, त्यांवर ती अडली आणि सगळी पुन्हा घडी करून ठेवली.

एकोणिसाव्या दिवशी हवालदारांनी कळवलं की फोन परळीत आहे. सिरसाळ्याच्या एका माणसाने तो बाजारात कुणाकडून तरी घेतला होता. लॉक उघडेना म्हणून त्याने तो परळीतल्या दुरुस्तीच्या दुकानात दिला होता.

बहिणीने एवढंच विचारलं, "त्यानं पुसला का?"

हवालदारांना ते माहीत नव्हतं.

तीन दिवसांनी फोन शिरूरच्या ठाण्यात आला. दुकानदाराने सांगितलेलं हवालदारांनी आम्हाला सांगितलं: त्याने आधी सिम घालून पाहिलं, नेटवर्क आलं नाही. ज्या फोनला नेटवर्कच नाही त्याचं लॉक काढून उपयोग काय, म्हणून त्याने पुढे हात लावला नाही.

बॅटरी संपलेली होती. हवालदारांनी स्वतःचा चार्जर दिला. बहीण बाकावर बसून राहिली. फोन सुरू झाल्यावर तिने पॅटर्न काढला. लॉक उघडलं. तिने फोटो मोजले. बावीस होते.

"ताई, आता कागदावर लिवून ठेवा," हवालदार म्हणाले.

"बघते," ती म्हणाली.

त्याच दुपारी तिने पहिलं कापड कापायला घेतलं. ते जावेचं होतं, हिरवं.