दिवाण करणाऱ्या मिस्त्रींचं टेबल

केडगावात माझ्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी टेबल करायला आलेल्या मिस्त्रींचं नाव मी विचारलंच नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणालो. उभा जन्म त्यांनी लग्नात द्यायचे दिवाण केलेले. रूळ मांडायला सपाट, रुंद टेबल हवं, एवढंच मी सांगितलं होतं.

"झोपनार किती जन?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही आप्पा. त्यावर गाडी पळणार."

"पळू द्या की. पावनं आल्यावं काय करनार?"

कानावरची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारायची, तिच्याकडं संशयानं बघायचं, थुंकी लावून पुसायची आणि पुन्हा तिथंच मारायची, अशी त्यांची पद्धत. टेबल झालं, तर त्याला उशाकडं मोर कोरलेली फळी! मी कपाळावर हात मारेपर्यंत आप्पा वर चढून आडवेही झाले. स्वतः झोपून बघितल्याशिवाय ते काम सोपवत नसत. लगेच घोरायलाही लागले.

माझी गाडी बिचारी इतकी वर्षं खोक्यात पडून होती. मी तरी किती थांबणार? आप्पांच्या भोवतीनं रूळ जोडले आणि सोडली. पोटाला वळसा घालून, तळपायांना घासून ती शिट्टी मारत त्यांच्या कानापाशी आली.

"आप्पा, उठा, गाडी आली!"

त्यांनी एक डोळा उघडला. "केडगावला थांबती का?"

"नाही, एक्सप्रेस आहे."

"मग कशाला उठवताय राव!" म्हणून ते कुशीवर वळले.

टेबल तसूभरही हललं नाही.