कात्रीचा तिरका काप

पडदा उघडतो तेव्हा समोर एक पत्र्याची शेड. बादल्यांत पांढरी फुलं, ओल्या पोत्यांचा वास, खिळ्याला लटकलेली कात्री. उजव्या बाजूने एक वाकलेला गृहस्थ येतो आणि प्रेक्षकांकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठ करून उभा राहतो. आमच्या धंद्यात पाठ फिरवणं म्हणजे एकतर उर्मटपणा, नाहीतर लाज. हा उर्मट कधीच नव्हता.

आम्ही नाटकवाले त्याला ‘तिसरी घंटा’ म्हणायचो. नायिकेच्या केसांतलं फूल असो की शेवटच्या प्रयोगाचा गुच्छ, हा तिसऱ्या घंटेलाच धापा टाकत पोचायचा. पण फुलं अशी ताजी, की रागवायची सोय नाही. पुढे मी रंगभूमी सोडली, तरी गप्पा मारायला त्याच्या शेतावर जात राहिले.

बांधापलीकडे त्याच्या थोरल्या बहिणीचे गुलाब. महामारीत लग्नं थांबली आणि तिचे लाल गुलाब झाडावरच काळे पडले. याची पांढरी फुलं मात्र रोज जात होती. लग्नं थांबली होती, माणसं जायची कुठे थांबली होती?

सरकारने फुलशेतीचं नुकसान भरून द्यायचं ठरवलं. साहेब पाहणीला आला. याचं रान मोकळं, नुसते खुंट. साहेब हळहळला, “अरेरे, गिऱ्हाईक नाही म्हणून सगळं काढून टाकलंत?” आणि याने मान हलवली. बहिणीची झाडं हिरवीगार उभी होती. “झाडं तर ठणठणीत आहेत, बाई,” म्हणून साहेब पुढे गेला. भावाला मदत मिळाली, बहिणीला वाटाण्याच्या अक्षता. तेव्हापासून हा सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायला लागला.

बहिणीने फेरपाहणी मागितली. या वेळीही नकार आला असता तर तिला गुलाब मोडावे लागले असते. त्या दिवशी मी तिथेच होते.

“भावासारखं करायचं होतं,” साहेब तिला म्हणाला. “छातीवर दगड ठेवून रान साफ केलं त्यांनी.”

“गुलाब म्हणजे काय मुळा आहे, साहेब, उपटायला? वर्षानुवर्षं पोसावा लागतो. त्यापेक्षा घरजावई परवडला.”

साहेब हसला, पण पेन उघडेना. तिने एकदा बांधापलीकडे भावाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. ती खाली बघत राहिली.

शेवटी भाऊच पुढे झाला. “साहेब, जरा इकडे या.” खुंटापाशी उकिडवा बसला. “हा काप बघा. तिरका आहे. टाकूनच द्यायचं तर माणूस मुळासकट उपटतो. असा काप देतात तो फूल पाण्यात टिकावं म्हणून. मी सगळं विकलं. गेलेल्या माणसांवर घालायला. नुकसान हिचं झालं, गुलाब झाडावरच काळे पडले.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही हळहळलात. त्या दिवसांत माझा धंदा जोरात आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?”

साहेबाने पेन उघडलं. याचे पैसे परत घ्यायचे आणि गुलाबांचं नुकसान मोजायचं, असं त्याने तिथल्या तिथे लिहिलं.

साहेब गेल्यावर बहीण म्हणाली, “काप मी पहिल्याच दिवशी ओळखला होता, गाढवा. कात्री माझीच नेली होतीस ना?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझं तोंड बघून. आरसा बघितलास का एवढ्यात?”

मी वातावरण हलकं करायला गेले. “तिसऱ्या घंटेला का होईना, आला बाई!” कुणी हसलं नाही. आयुष्यात इतका साफ पडलेला विनोद मला आठवत नाही.

तो शेडमध्ये गेला. खिळ्यावरची कात्री काढली, बाहीला पुसली आणि मान खाली घालून तिच्यापुढे धरली.

“धार लावून ठेवलीये, ताई. आणून द्यायला पाय उचलत नव्हते.”