दोनदा ‘नाही’ म्हणणारी भाषा

बारब्रेबाईंनी आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनेमाराच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या शाळेत सदतीस वर्षं आयरिश शिकवलं. निवृत्तीनंतरही त्यांचा दरारा ओसरला नव्हता. दुकानात कुणी इंग्रजीत बटाटे मागितले, तर बाई वळून अशा बघत, की मागणारा बटाटेच विसरून जाई.

मग एका हिवाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि घोटा मोडला. दर मंगळवारी डिकेलेडी नावाची नर्स घरी येऊ लागली. चव्वेचाळीस वर्षांची, मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोची, हसरी. तिच्याशी इंग्रजीत बोलणं भागच होतं. पण तिला आफ्रिकान्स, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या गोऱ्यांची भाषा, येते हे कळलं आणि बाईंची कळी खुलली.

“मी चालते, तू चालतेस, ते चालतात. हे कसं म्हणता गं तुम्ही?”

“सगळ्यांना एकच, बाई. क्रियापद बदलतच नाही.”

“काय सांगतेस! आणि लिंग?”

“नाहीच.”

“आमच्यात बघ, मुलगी पुल्लिंगी!” बाई टाळी देत म्हणाल्या. “आणि ‘हो’, ‘नाही’ हे शब्दच नाहीत. ‘पाऊस पडतोय का?’ विचारलं तर ‘पडतोय’ म्हणायचं.”

“आमच्यात नाही म्हणायचं तर दोनदा. वाक्यात एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा.”

“अगं बाई! आमच्याकडे एकही नाही आणि तुमच्याकडे दोन दोन!”

दोघी पोट धरून हसल्या. त्या भरात बाईंनी आपली आवडती गोष्ट काढली. त्यांच्या पणजोबांच्या गळ्यात शाळेत काठी बांधलेली असे. पोराच्या तोंडून आयरिश शब्द निघाला की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजून मास्तर तितक्या छड्या मारी.

“तुझ्या आफ्रिकान्सवाल्यांचंही तेच झालं, मी वाचलंय,” बाई म्हणाल्या. “इंग्रजांच्या शाळेत पोरांच्या गळ्यात पाटी. ‘मी गाढव आहे, मी डच बोललो.’ आपण दोघी एकाच माराच्या लेकी गं!”

डिकेलेडी पट्टी गुंडाळायची थांबली.

“मी नाही, बाई.”

“म्हणजे?”

“त्या गाढव म्हणवलेल्या पोरांच्या नातवंडांच्या हाती पुढे राज्य आलं. त्यांनी ठरवलं, गणित आम्ही काळ्या मुलांनी आफ्रिकान्समधूनच शिकायचं. शहात्तर साली माझा भाऊ सेलो पंधरा वर्षांचा होता. मोर्चात गेला. पोलिसांनी गोळी घातली. इथे.” तिनं मानेवर बोट ठेवलं. “मी आठ वर्षांची. आई ज्या घरी धुणी धुवायची, तिथली बाई दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज रजा नाही. दोनदा नाही म्हणाली.”

बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“भाषेचा काय दोष म्हणा,” डिकेलेडीच पुढे बोलली. “केप प्रांताकडे माझ्यासारखीच काळीसावळी माणसं तिच्यात अंगाई गातात. मलाही कधी कधी तिच्यात स्वप्न पडतं. जागी झाले की सेलोपुढे लाज वाटते.” मग अगदी सहज विचारलं, “तुमच्या हाती शाळा आली, तेव्हा ती काठी कुठे गेली हो बाई?”

“आम्ही कसली काठी—” बाईंनी वाक्य सुरू केलं आणि मध्येच त्यांना एक मुलगा आठवला.

एकाहत्तर साल. इंग्लंडमधल्या हडर्सफील्डहून परतलेल्या कुटुंबातला केविन फोलन. नऊ वर्षांचा, आयरिशचा गंध नाही. फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी त्याचं नाव लिहिलं होतं. एक इंग्रजी शब्द, एक रेघ. पाच रेघा झाल्या की तळहातावर पट्टी. वर्षभर. चाळीस वर्षं बाई पणजोबांची गोष्ट घसा ताणून सांगत आल्या आणि त्या रेघा त्यांना एकदाही दिसल्या नाहीत. खाचाच होत्या त्या. खडूच्या.

डिकेलेडी गेल्यावर बाईंनी टॅक्सीवाल्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी कुबडी घेऊन त्या टॅक्सीनं केविनच्या गॅरेजात गेल्या. तो गाडीखालून बाहेर आला, हात तेलानं माखलेले. बाई त्याच्याशी इंग्रजीत बोलल्या. गावातल्या माणसाशी आयुष्यात पहिल्यांदा.

“केविन, मी तुला मारलं. त्या रेघांसाठी. माझं चुकलं.”

तो बघतच राहिला. “बाई, बरं नाही का तुम्हाला? इंग्रजीत काय बोलताय!” हे तो आयरिशमध्ये म्हणाला, आणि काय आयरिश होतं ते! घोटीव, गोड, बाईंच्या वर्गात अजून कुणाला जमलं नव्हतं असं.

“किती सुंदर बोलतोस रे,” बाई म्हणाल्या. “मुलांना शिकवलंस ना?”

केविन फडक्याला हात पुसत राहिला.

“नाही बाई. तिघांपैकी एकालाही नाही. पहिली मुलगी शाळेतून एक आयरिश शब्द शिकून आली आणि घरात म्हणाली. बाई, मी तिच्यावर असा ओरडलो की ती टेबलाखाली लपली. कशाला ओरडलो, मलाही कळलं नाही. माझा तळहात चुरचुरत होता. त्यानंतर माझ्या उंबऱ्याच्या आत ती भाषा आली नाही.”

त्यानं टायरवर फडकं अंथरून बाईंना बसवलं आणि चहा आणला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि ‘माफ कर’ असं त्याही म्हणाल्या नाहीत. सदतीस वर्षं जी भाषा जगवली असं त्या समजत होत्या, ती एका घरातून त्यांनी स्वतः हुसकून लावली होती. आणखी किती घरांतून, हे विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही.

उन्हाळ्यात गावच्या आयरिश भाषा मंडळानं नेहमीप्रमाणे त्यांना सभागृहात भाषणाला बोलावलं. बाई पणजोबांच्या काठीबद्दल बोलल्या, आणि न थांबता फळ्याच्या कोपऱ्याबद्दलही. नाव घेतलं नाही, पण गावात कोण ओळखणार नव्हतं? पुढच्या रांगेतले दोघे उठून गेले. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यानंतर त्यांना बोलावणं बंद केलं.

केविनची थोरली मुलगी मात्र सप्टेंबरात त्यांच्या दाराशी आली. तीस वर्षांची, संकोचलेली. म्हणाली, “बाबांना सांगू नका, पण मला आयरिश बोलायला शिकायचंय.”

बाईंनी तिला आत घेतलं. मग खिडकीबाहेर बोट दाखवून आयरिशमध्ये विचारलं, “पाऊस पडतोय का?”